वाचकांचे प्रश्न : वकील लिंकन, राजकारणी लिंकन

अमेरिकेचे सोळावे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्या वकिलीविषयी वाचकांनी पाठवलेल्या पत्रांसाठी या वेळचे सदर राखून ठेवले आहे. पत्रे पुष्कळ होती आणि बरेच प्रश्न एकमेकांत गुंतलेले होते. त्यामुळे ते संक्षिप्त करून आणि जमेल तिथे एकत्र करून घेतले आहेत.

प्रश्न : लिंकन आधी यशस्वी वकील होते आणि मग राजकारणात शिरले, असे सर्वत्र वाचायला मिळते. वकिली सोडून ते राजकारणाकडे नेमके केव्हा वळले? (एक वकील, सातारा)

उत्तर : क्रम उलटा आहे. लिंकन इलिनॉय राज्याच्या विधिमंडळावर प्रथम निवडून आले ते १८३४ मध्ये, आणि वकिलीची सनद त्यांना मिळाली ती ९ सप्टेंबर १८३६ रोजी. आमदारकीची दोन वर्षे पदरी पडल्यावर ते वकील झाले. त्याआधी १८३२ मध्ये याच जागेसाठी उभे राहून ते पडलेही होते. त्या काळात न्यू सेलम या खेड्यात त्यांनी भागीदारीत दुकान काढले, ते बुडाले, कर्ज अंगावर आले, आणि मग गावची पोस्टमास्तरकी व जमीनमोजणीचे काम करून त्यांनी दिवस काढले. जॉन टॉड स्टुअर्ट या विधिमंडळातील सहकाऱ्याने त्यांना कायदा वाचण्याचा सल्ला दिला, स्वतःची पुस्तके दिली आणि पुढे १८३७ मध्ये आपल्या वकिलीत भागीदारही करून घेतले. राजकारणातील ओळखीने वकिलीचे दार उघडले, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.

त्याच वर्षी राज्याची राजधानी व्हॅन्डेलियाहून स्प्रिंगफील्डला हलवण्याचा निर्णय झाला. तो घडवून आणणाऱ्या आमदारांत लिंकन प्रमुख होते, आणि त्याच वर्षी ते स्वतःही स्प्रिंगफील्डला राहायला गेले. राजधानी आली की तिच्यामागोमाग वरिष्ठ न्यायालय येते आणि न्यायालयामागोमाग वकिलांची कामे, हे त्यांना कळत नव्हते असे मानण्याचे कारण नाही.

१८३४ पासून लागोपाठ चार वेळा ते विधिमंडळावर निवडून आले. १८४६ मध्ये व्हिग पक्षातर्फे ते वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहावर निवडून गेले आणि एकच मुदत पुरी करून १८४९ मध्ये परतले. मेक्सिकोशी झालेल्या युद्धात अमेरिकन रक्त ‘आपल्या भूमीवर’ सांडले, असा अध्यक्ष पोक यांचा दावा होता. ती जागा नेमकी कोणती ते दाखवा, अशी मागणी लिंकन यांनी ठरावांच्या रूपाने केली. साक्षीदाराला पिंजऱ्यात उभे करून एकाच मुद्द्यावर खिळवून ठेवावे, तशी ती मागणी होती. मतदारसंघात मात्र ती अंगलट आली. त्यानंतर १८४९ ते १८५४ या काळात आपण पूर्वी कधी नव्हे इतक्या नेटाने वकिली केली आणि राजकारणातला आपला रस ओसरत चालला होता, असे त्यांनी स्वतःच आत्मवृत्तात लिहिले आहे. १८५४ मध्ये इलिनॉयचे सिनेटर स्टीफन डग्लस यांच्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने नव्या प्रदेशांत गुलामगिरी नेण्यावरचे जुने बंधन उठवले आणि लिंकन पुन्हा मैदानात उतरले. तुमच्या प्रश्नातील ‘केव्हा’चे उत्तर एका सालात द्यायचेच झाले तर ते हे साल. पण वकिली त्यांनी तेव्हाही सोडली नाही. फेब्रुवारी १८६१ मध्ये अध्यक्षपदाची सूत्रे घ्यायला निघताना त्यांनी भागीदार विल्यम हर्नडन यांना सांगितले, की कचेरीवरची पाटी तशीच राहू द्या; जिवंत राहिलो तर परत येईन आणि काही घडलेच नाही अशा रीतीने आपण वकिली पुढे चालू करू. ही आठवण हर्नडन यांनी सांगितलेली आहे.

प्रश्न : लॉ कॉलेजात न जाता ते वकील कसे झाले? तेव्हा परीक्षा नव्हती का? (विधी शाखेची विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर : त्या काळी पश्चिमेकडच्या राज्यांत बहुतेक वकील असेच होत. एखाद्या जुन्या वकिलाच्या कचेरीत बसून किंवा त्याची पुस्तके नेऊन कायदा वाचायचा, चारित्र्याचा दाखला मिळवायचा आणि सनद घ्यायची, अशी ती पद्धत होती. लिंकन यांचे सारे शालेय शिक्षण एकत्र केले तरी जेमतेम वर्षभराचे भरत नाही. ब्लॅकस्टोन यांचे इंग्लंडच्या कायद्यावरील भाष्य आणि दावे-कैफियतींच्या मसुद्यांचे ग्रंथ हाच त्यांचा अभ्यासक्रम, आणि तो त्यांनी एकट्याने पुरा केला. कायदा शिकू पाहणाऱ्या आयशॅम रीव्हिस या तरुणाला त्यांनी १८५५ मध्ये उत्तर लिहिले, की वकील व्हायचेच असा निश्चय झाला असेल तर निम्म्याहून अधिक काम झालेच आहे. गाव लहान असले तरी बिघडत नाही, मी स्वतः ज्या न्यू सेलममध्ये वाचले तिथे तीनशे माणसेही कधी नव्हती. तुमच्या वर्गातल्या एखाद्या खेड्यातून आलेल्या मुलीला हे जरूर वाचून दाखवा. मात्र त्याबरोबर हेही सांगा, की हाच माणूस प्रतिनिधिगृहातून परतल्यावर चाळिशीत युक्लिडच्या भूमितीची सहा पुस्तके घेऊन बसला. एखादी गोष्ट सिद्ध झाली असे केव्हा म्हणता येते, हे त्याला पक्के करून घ्यायचे होते.

प्रश्न : त्यांच्या रोजच्या वकिलीचे स्वरूप काय होते? मोठमोठे खटले सोडून द्या. एखाद्या साध्या दिवशी ते काय करीत? (निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, रत्नागिरी)

उत्तर : प्रश्न आवडला, कारण चरित्रे वाचताना नेमका हाच भाग लोक गाळून पुढे जातात. सुमारे पंचवीस वर्षांच्या वकिलीत लिंकन आणि त्यांचे भागीदार यांच्या हातून गेलेली पाच हजारांहून अधिक प्रकरणे संशोधकांनी इलिनॉयच्या न्यायालयांच्या दप्तरांतून शोधून काढली आहेत. त्यांतली निम्म्याहून अधिक पैशांच्या वसुलीची आहेत. वचनचिठ्ठी लिहून दिली आणि पैसे बुडवले, घोडा विकला आणि तो अधू निघाला, शेताची हद्द, डुकरांची मालकी, घटस्फोट, मृताच्या मालमत्तेची वाटणी, बदनामीची फिर्याद अशी ती कामे. फी साधारणपणे पाच ते वीस डॉलर. लिंकन आज वसुलीच्या बाजूने उभे राहत आणि उद्या कर्जदाराच्या. समोर येईल त्याचे वकीलपत्र घ्यावे, हा त्या काळच्या मुफसल वकिलाचा रिवाज होता आणि त्याला ते अपवाद नव्हते.

वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, न्यायालय फिरतीवर निघे. ‘आठवे न्यायमंडल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या टापूत १८५० च्या आसपास चौदा काउंट्या, म्हणजे जिल्हे, होत्या. न्यायाधीश डेव्हिड डेव्हिस पुढे आणि वकिलांचा जथा मागे, घोड्यावर किंवा घोडागाडीतून, चिखल तुडवत एका काउंटीच्या गावाहून दुसऱ्या गावाला जात. मुक्काम खाणावळीत; एका खोलीत अनेक जण आणि एका बिछान्यावर दोघे. डेव्हिस यांचे वजन तीनशे पौंडांच्या घरात असल्याने त्यांना तेवढा स्वतंत्र बिछाना मिळे. गावात पोचताच स्थानिक वकील आणि पक्षकार कागद घेऊन गाठत आणि पुष्कळदा कज्जा समजून घ्यायला मिळणारा वेळ तासाभराचाही नसे. दिवसभर एकमेकांविरुद्ध भांडणारे वकील रात्री एकाच शेकोटीभोवती बसत, आणि तिथे लिंकन यांच्या गोष्टी ऐकायला गावकरीही जमत. इतर वकील शनिवार-रविवार गाठून घरी जाऊन येत, लिंकन मात्र बहुधा फिरतीवरच राहत. त्यामागे त्यांच्या घरगुती जीवनाची कारणे शोधणारे पुष्कळ आहेत. मला त्यातले राजकीय गणित अधिक दिसते. चौदा काउंट्यांतला प्रत्येक ज्युरर हा मतदार होता.

कचेरीतली शिस्त मात्र आपल्यासारख्या दप्तर सांभाळलेल्या माणसाला न बघवणारी. महत्त्वाचे कागद ते उंच टोपीच्या आतल्या पट्टीत खोचून ठेवत. १८५० मध्ये एका वकिलाला उत्तर देण्यास उशीर झाला, तेव्हा त्यांनी खुलासा केला, की तुमचे पत्र जुन्या टोपीत ठेवले होते, दुसऱ्याच दिवशी नवी टोपी घेतली आणि जुनी बाजूला पडली. टेबलावर कागदांचा एक गठ्ठा असे आणि त्यावर त्यांच्याच अक्षरात लिहिलेले असे, की दुसरीकडे कुठेच सापडले नाही तर इथे बघा.

प्रश्न : पंचांग दाखवून त्यांनी साक्षीदार खोटा पाडला, ही गोष्ट खरी की दंतकथा? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : खरी आहे. ७ मे १८५८ रोजी इलिनॉयमधील बीअर्ड्सटाउन येथे हा खटला चालला. डफ आर्मस्ट्राँग या तरुणावर जेम्स मेट्झकर याच्या खुनाचा आरोप होता. चार्ल्स ॲलन हा मुख्य साक्षीदार म्हणत होता, की २९ ऑगस्ट १८५७ च्या रात्री अकराच्या सुमारास आपण दीडशे फुटांवरून मारहाण पाहिली आणि डोक्यावर आलेल्या चंद्राचा लख्ख प्रकाश होता. लिंकन यांनी उलटतपासणीत त्याच्याकडून हे पुनःपुन्हा वदवून घेतले आणि मग त्या वर्षाचे पंचांग पुढे केले. चंद्र त्या वेळी क्षितिजाजवळ मावळतीला आला होता. लिंकन यांनी पंचांगात खाडाखोड केली होती अशी कुजबुज नंतर वर्षानुवर्षे चालू राहिली. पण खगोलशास्त्रज्ञांनी पुढे केलेले गणित लिंकन यांच्याच बाजूने पडले.

डफ निर्दोष सुटला तो केवळ पंचांगामुळे, असे मात्र नाही. मृताची जखम घोड्यावरून पडूनही होऊ शकते, अशी डॉक्टरची साक्ष बचाव पक्षाने काढली होती. शिवाय डफची आई हॅना हिने न्यू सेलमच्या उपासमारीच्या दिवसांत लिंकन यांना जेवू घातले होते आणि त्यांचे कपडे शिवून दिले होते. तिचा नवरा जॅक याच्याशी १८३१ मध्ये झालेली लिंकन यांची कुस्ती तर त्या भागात प्रसिद्धच होती. शेवटच्या भाषणात हे सारे ज्युरीपुढे आले. फी घेतली नाही.

प्रश्न : आमच्या शाळेच्या भिंतीवर लिंकन यांचे हेडमास्तरांना लिहिलेले पत्र लावलेले आहे. ते त्यांनी कोणत्या साली लिहिले? (शिक्षिका, बीड)

उत्तर : लिंकन यांच्या संपादित लेखनात आणि पत्रव्यवहारात असे पत्र कोठेही नाही. मजकूर त्यांच्या नावावर चिकटलेला आहे. चांगला आहे, भिंतीवर राहू द्या; खालचे नाव तेवढे काढा. त्यांचेच काही लावायचे असेल तर तरुण वकिलांसाठी त्यांनी काढलेली व्याख्यानाची टिपणे आहेत. त्यांत ते म्हणतात, की खटलेबाजीला उत्तेजन देऊ नका, शेजाऱ्यांची तडजोड करून द्या. तरीही कामे पुरून उरतील. आणि प्रामाणिक वकील होणे जमत नाही असे वाटले तर वकील न होता प्रामाणिक राहा.

प्रश्न : गुलामांच्या मुक्तिदात्याने गुलामाच्या मालकाचे वकीलपत्र घेतले होते असे वाचले. हे खरे असेल तर इतिहास ते लपवतो का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : खरे आहे, आणि आता कोणी लपवत नाही. केंटकीचा रॉबर्ट मॅट्सन दरवर्षी आपले गुलाम इलिनॉयच्या कोल्स काउंटीतील शेतावर हंगामी कामाला आणी आणि परत नेई. इलिनॉयमध्ये गुलामगिरीला बंदी होती. १८४७ मध्ये जेन ब्रायंट ही स्त्री आपल्या चार मुलांना घेऊन गुलामगिरीविरोधी मंडळींच्या आश्रयाला गेली आणि मॅट्सनने त्यांचा ताबा मागितला. चार्ल्सटन येथे झालेल्या सुनावणीत लिंकन मॅट्सनच्या बाजूने उभे होते. हे लोक इथे कायमचे राहायला आलेले नाहीत, हंगामापुरते आले आहेत, म्हणून ते मुक्त ठरत नाहीत, असा त्यांचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो फेटाळला आणि मायलेकरे सुटली.

याच्या सहाच वर्षे आधी, १८४१ मध्ये, बेली विरुद्ध क्रॉमवेल या प्रकरणात त्यांनी राज्याच्या वरिष्ठ न्यायालयात नेमकी उलटी बाजू मांडून ती जिंकली होती. नॅन्स या काळ्या तरुणीच्या ‘विक्री’पोटी लिहून दिलेल्या वचनचिठ्ठीचे पैसे बेली देईना. इलिनॉयमध्ये प्रत्येक माणूस, रंग कोणताही असो, मुक्त आहे असेच कायदा गृहीत धरतो आणि मुक्त माणसाची विक्री होऊच शकत नाही, म्हणून ती चिठ्ठी रद्दबातल आहे, असे न्यायालयाने मान्य केले. तिथेही अशील बेली होता, नॅन्स नव्हे, हे विसरू नये. वकिलाने अशिलाची बाजू मांडायची असते, हे उत्तर मॅट्सन प्रकरणात पुष्कळ चरित्रकार देतात. मला ते पुरेसे वाटत नाही. त्याच राज्यात अशा मालकांची वकीलपत्रे न घेणारे वकीलही होते.

प्रश्न : ते रेल्वे कंपन्यांचे वकील होते का? (अभियंता, पुणे)

उत्तर : होते, आणि चांगले पैसेही मिळवत. इलिनॉय सेंट्रल रेल्वेकडून काउंट्यांना कर वसूल करता येतो का, हा वाद १८५३ मध्ये उभा राहिला. लिंकन यांनी आधी एका काउंटीला कळवले, की सध्या या राज्यात निघू शकेल असा हा सर्वांत मोठा कायद्याचा प्रश्न आहे आणि यातली फी सर्वस्वी हुकणे मला परवडणार नाही. तुम्ही नेमणार असाल तर सांगा. काउंटीशी जमले नाही, तेव्हा ते कंपनीकडे गेले आणि १८५६ मध्ये राज्याच्या वरिष्ठ न्यायालयात जिंकले. कंपनीने पूर्ण फी देण्यास टाळाटाळ केली. त्यांनी तिच्यावरच दावा लावून १८५७ मध्ये पाच हजार डॉलरचा हुकूमनामा मिळवला आणि हर्नडन यांना त्यातला अर्धा वाटा दिला.

तुम्ही अभियंते आहात म्हणून दुसरा खटला सांगतो. मिसिसिपी नदीवरचा पहिला रेल्वे पूल रॉक आयलंड येथे १८५६ च्या एप्रिलमध्ये सुरू झाला आणि दोन-तीन आठवड्यांतच ‘एफी आफ्टन’ ही आगबोट त्याच्या खांबावर आदळून जळाली. बोटवाल्यांचे म्हणणे, की पूल हाच नौकानयनातला अडथळा आहे. सप्टेंबर १८५७ मध्ये शिकागोच्या संघीय न्यायालयात लिंकन पुलाच्या बाजूने उभे राहिले. प्रवाहाचा वेग, त्याचा कोन, खांबांतील अंतर, बोटीचे एक चाक बंद पडलेले असणे, हा सारा तपशील त्यांनी आकड्यांनिशी ज्युरीपुढे ठेवला. तराफ्यावर काम केलेला आणि जमीन मोजलेला माणूस इथे उपयोगी पडला. नदीवरून वरखाली जाण्याचा एकाला जितका हक्क आहे, तितकाच ती ओलांडण्याचा दुसऱ्याला आहे, हा त्यांचा मुद्दा. ज्युरीचे एकमत झाले नाही आणि पूल राहिला.

एका खटल्यात मात्र अपमानच वाट्याला आला. कापणीयंत्राच्या पेटंटवरून मॅकॉर्मिक यांनी मॅनी यांच्यावर दावा लावला, तेव्हा लिंकन यांना मॅनी यांच्या बाजूने नेमले गेले. पुढे सुनावणी सिनसिनाटीला हलली, आणि १८५५ मध्ये ते तयारीनिशी तिथे पोचले तर एडविन स्टँटन आणि इतर नामांकित वकिलांनी त्यांना बाजूला सारले, सोबत बसूही दिले नाही. ते आठवडाभर श्रोत्यांत बसून स्टँटन यांचे काम बघत राहिले. जानेवारी १८६२ मध्ये युद्धमंत्री नेमायची वेळ आली, तेव्हा त्यांनी नेमले ते याच स्टँटन यांना.

प्रश्न : वकिलीचा त्यांना राजकारणात प्रत्यक्ष उपयोग काय झाला? वक्तृत्व सोडून आणखी काही सांगता येईल का? (राज्यशास्त्राचे प्राध्यापक, औरंगाबाद)

उत्तर : सांगता येईल, आणि माझ्या मते तीच या सगळ्याची किल्ली आहे. फिरतीवरचे त्यांचे सहकारी लिओनार्ड स्वेट यांनी लिंकन यांच्या न्यायालयातील वागण्याचे वर्णन करून ठेवले आहे. विरुद्ध पक्षाच्या वकिलाने काही पुरावा दाखल केला, की जिथे इतर वकील हरकत घेत तिथे लिंकन म्हणत, राहू द्या, ते मान्य करणे रास्त होईल. एकामागून एक मुद्दे ते सोडत जात. ऐकणाऱ्याला वाटे, हा भोळा माणूस खटला हरणार. पण सहा मुद्दे सोडून ते सातवा असा पकडून ठेवत, की सारा खटला त्या सातव्यावरच लटकलेला असे. त्यांना भोळे समजणारा लवकरच खड्ड्यात उताणा पडलेला सापडे, असे स्वेट म्हणतात.

आता १८५८ मधल्या डग्लस यांच्याबरोबरच्या सात जाहीर वादसभा पाहा. सिनेटची जागा होती; सिनेटर तेव्हा विधिमंडळ निवडत असे, पण दोघेही लोकांपुढे गेले. एकाने तासभर बोलायचे, दुसऱ्याने दीड तास उत्तर द्यायचे आणि पहिल्याने अर्ध्या तासात समारोप करायचा, ही रचनाच न्यायालयासारखी. डग्लस हे स्वतः वकील, राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाचे माजी न्यायाधीश. लिंकन काय काय सोडतात बघा : ज्या राज्यांत गुलामगिरी आहे तिथे हात लावण्याचा आम्हाला अधिकार नाही, मान्य, पळालेले गुलाम परत देण्याची तरतूद राज्यघटनेत आहे, मान्य. ठेवतात एकच, की गुलामगिरी ही मुळात चूक आहे आणि म्हणून तिला नव्या प्रदेशात पसरू देता कामा नये. आणि फ्रीपोर्टच्या सभेत त्यांनी डग्लस यांना तो प्रसिद्ध प्रश्न विचारला, की ड्रेड स्कॉट निकालानंतर, म्हणजे प्रदेशांत गुलामगिरीला बंदी घालता येत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवल्यानंतर, एखाद्या प्रदेशातील लोकांना गुलामगिरी कायदेशीरपणे बाहेर ठेवता येईल का? ‘नाही’ म्हटले तर इलिनॉय जाणार, ‘होय’ म्हटले तर गुलामगिरी असलेली दक्षिणेकडची राज्ये. डग्लस ‘होय’ म्हणाले, सिनेटची जागा जिंकले, आणि १८६० मध्ये दक्षिणेने त्यांना त्याची किंमत मोजायला लावली.

या कौशल्याची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय उत्तर पुरे होणार नाही. १८ सप्टेंबर १८५८ रोजी, ज्या चार्ल्सटनमध्ये जेन ब्रायंटविरुद्ध त्यांनी युक्तिवाद केला होता त्याच गावी, लिंकन यांनी सोडलेला मुद्दा होता काळ्यांच्या समतेचा. त्यांना मतदार किंवा ज्युरर करण्याच्या, गोऱ्यांशी त्यांचे विवाह होऊ देण्याच्या आपण बाजूचे नाही, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. डावपेच म्हणून ते बोलले की मनापासून, यावर इतिहासकार अजून भांडतात. न्यायालयात सोडलेला मुद्दा अशिलाचा असतो आणि त्याची संमती घेतलेली असते; इथे ज्यांचा मुद्दा सोडला गेला त्यांना कोणी विचारले नव्हते.

फेब्रुवारी १८६० मधले न्यूयॉर्कच्या कूपर युनियनमधील भाषण तर सरळ वरिष्ठ न्यायालयातली कैफियत वाटते. प्रदेशांतील गुलामगिरीवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार संघीय सरकारला आहे का, हा प्रश्न. राज्यघटनेवर सही करणारे ३९ जण. त्यांपैकी २३ जणांनी या प्रश्नावर कधी ना कधी मत दिल्याच्या नोंदी. आणि त्यांपैकी २१ जणांनी तो अधिकार मान्य केलेला. हे सारे त्यांनी जुनी कागदपत्रे चाळून स्वतः शोधले होते, आणि भाषणाचा पहिला मोठा भाग त्यातच जातो. लोकांना हे कंटाळवाणे वाटेल अशी भीती त्यांना वाटली नाही. आजच्या कोणत्या प्रचारकाला इतका धीर होईल?

माणसांचा उपयोगही विसरू नका. मे १८६० मध्ये शिकागोला अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणारे रिपब्लिकन पक्षाचे अधिवेशन भरले. लिंकन स्प्रिंगफील्डलाच होते. शिकागोत त्यांच्यासाठी खोल्याखोल्यांतून फिरणारी फळी होती डेव्हिस, स्वेट आणि इतर फिरतीवरच्या मित्रांची. पहिल्या फेरीत प्रमुख प्रतिस्पर्धी सेवर्ड यांना १७३½ आणि लिंकन यांना १०२ मते पडली; तिसऱ्या फेरीत लिंकन विजयी झाले. इथेही डाव तोच होता. पहिली पसंती कोणाचीही असो, दुसरी पसंती आमची ठेवा, एवढेच या मंडळींचे मागणे होते.

प्रश्न : महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला. मग लिंकन यांच्या मुक्तीच्या जाहीरनाम्याने आपली सत्ता नसलेल्या भागातलेच गुलाम मुक्त केले, हा आक्षेप कितपत खरा? (सामाजिक कार्यकर्ता, मुंबई)

उत्तर : आक्षेप बव्हंशी खरा आहे आणि त्याचे कारणही वकिली आहे. अध्यक्षाला नागरिकांची मालमत्ता काढून घेण्याचा अधिकार शांततेच्या काळात नाही, आणि तेव्हाचा कायदा गुलामाला मालमत्ता मानत होता. सरसेनापती म्हणून शत्रूचे बळ तोडण्याचा अधिकार मात्र युद्धकाळात आहे. म्हणून यादवी युद्धातला १ जानेवारी १८६३ चा जाहीरनामा संघराज्यातून फुटलेल्या दक्षिणेतील बंडखोर प्रदेशांपुरता, आणि म्हणूनच त्यात सैन्याच्या ताब्यात आलेल्या लुइझियानातील तेरा पॅरिशांची, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांची, नावे एकेक करून वगळलेली. जमिनीच्या दस्तातल्या चतुःसीमेसारखी ती यादी वाचताना मन विटते. पण सर्वोच्च न्यायालयात तेव्हा मुख्य न्यायाधीश होते ड्रेड स्कॉटचा निकाल लिहिणारे रॉजर टॉनी; सैल शब्दांत लिहिलेला जाहीरनामा तिथे किती टिकला असता, हे लिंकन यांना ठाऊक होते. सेनापती फ्रेमाँट यांनी १८६१ मध्ये मिसूरीत स्वतःच्या अखत्यारीत गुलाम मुक्त केले, तो हुकूम त्यांनी रद्द करायला लावला होता. जाहीरनाम्याने काळ्यांना सैन्याचे दार उघडले आणि युद्ध संपेपर्यंत सुमारे १ लाख ८० हजार जण भरती झाले. युद्धाधिकाराची मुदत युद्धाबरोबर संपते, म्हणून कायमचा उपाय घटनादुरुस्तीचा. तेरावी दुरुस्ती ३१ जानेवारी १८६५ रोजी प्रतिनिधिगृहात ११९ विरुद्ध ५६ मतांनी मंजूर झाली आणि डिसेंबरमध्ये, लिंकन यांच्या हत्येनंतर, अमलात आली.

प्रश्न : कायद्याचा एवढा आदर असलेल्या माणसाने हेबियस कॉर्पसचा हक्क कसा स्थगित केला? आणीबाणी पाहिलेल्या पिढीला हे पटणे कठीण आहे. (ज्येष्ठ नागरिक, ठाणे)

उत्तर : एप्रिल १८६१ मध्ये वॉशिंग्टनला येणारे रेल्वेमार्ग मेरिलँडमध्ये तोडले जात होते आणि काँग्रेसचे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेचे, अधिवेशन चालू नव्हते. लिंकन यांनी लष्कराला तो हक्क, म्हणजे अटकेतील माणसाला न्यायालयापुढे उभे करून अटकेची कायदेशीरता तपासून घेण्याचा हक्क, स्थगित करण्याचा अधिकार दिला. जॉन मेरीमन या अटकेतील माणसाच्या अर्जावर टॉनी यांनी बाल्टिमोरमध्ये निर्णय दिला, की स्थगितीचा अधिकार घटनेच्या काँग्रेसविषयक कलमात आहे, अध्यक्षाला तो नाही. लिंकन यांनी त्या निर्णयाला जुमानले नाही. ४ जुलैच्या संदेशात त्यांनी काँग्रेसला विचारले, की तो एक कायदा मोडू नये म्हणून बाकी सारे कायदे अमलाविना राहू द्यायचे आणि सरकारच मोडू द्यायचे काय? शिवाय हा अधिकार कोणी वापरायचा, याबाबत घटना मुग्ध आहे, असेही त्यांचे म्हणणे होते. काँग्रेसने पुढे मार्च १८६३ मध्ये कायदा करून मान्यता दिली.

पहिल्या काही महिन्यांपुरता त्यांचा युक्तिवाद मला पटतो. पुढे जिथे लढाईचा मागमूस नव्हता आणि दिवाणी-फौजदारी न्यायालये सुरळीत चालू होती, अशा राज्यांतही नागरिकांना लष्करी न्यायासनापुढे उभे केले गेले, त्याचे समर्थन करता येत नाही. इंडियानाच्या लॅम्डिन मिलिगन याला अशाच न्यायासनाने फाशी सुनावली होती. १८६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि न्यायालये चालू असताना नागरिकांवर लष्करी खटले चालवता येत नाहीत, असे ठरवले. बहुमताचे ते निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती होते डेव्हिड डेव्हिस, फिरतीवरचे लिंकन यांचे सोबती, ज्यांना लिंकन यांनीच १८६२ मध्ये त्या न्यायालयावर नेमले होते.